मंगळवारी ज्युडिथ येते

मंगळवारी ज्युडिथ येते.
बाणस्तारीच्या पुलावर तिची स्कूटर हमखास अडकते,
साडेदहाचे अकरा होतात,
आणि माशेलात आमच्या दारात ती हेल्मेट काढते तेव्हा
मी भात तिसऱ्यांदा गरम केलेला असतो.

"ठेव तो बाजूला. आज जेवायचं नाही."

पहिल्या दिवशी वाटलं, बाई चेष्टा करते.
तेरा महिने मी दुसरं केलं काय होतं?
बांबोळीहून नाकात नळी घेऊनच घरी आलेला मुलगा.
नळी निघाली. गाल मात्र विसरला नाही,
चिकटपट्टीच्या जागेला अजून हात लावू देत नाही.
वहीत मी लिहायचे: दूध चाळीस एमएल, उलटी तीस.
उरलेल्या दहांवर आम्ही रात्र काढायचो.

कावळा दाखवून झाला, मोबाइलवरचा हत्ती नाचवून झाला,
शेजारच्या शकूवहिनींनी मिरच्या ओवाळल्या.
एकदा, हे मी फक्त इथे सांगते,
नाक दाबलं.
तोंड उघडलं. घास गेला.
त्यानंतर चमचा दिसला की निहार भिंतीकडे तोंड करायचा,
नुसता घासायला काढला तरी.

ज्युडिथने आधी चमचेच मागितले.
सगळे. पिशवीत बांधून माळ्यावर टाकले.
मग जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं,
त्यावर पेजेतली शितं, उकडलेलं रताळं, लाल भोपळा,
आणि स्वतः पालथी पडून
भोपळ्याच्या फोडीची गाडी चालवू लागली.
"तू बस गं बाय. बोलू नको. 'आ कर' तर मुळीच नको."
गप्प बसणं हेही काम असतं
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

कितव्या तरी मंगळवारी त्याने गाडीला बोट लावलं.
मग ते बोट हुंगलं, उमासा आला.
पुढे बरेच दिवस काहीच नाही.
आणि एकदा एक शीत ओठांआड गेलं
आणि त्याने ते थुंकलं.
ज्युडिथने टाळी वाजवली.
मी चिडले. थुंकण्याचं कसलं कौतुक?
"बाहेर काढता येतं, हे कळलं ना त्याला," ती म्हणाली
आणि कागदावरचं शीत स्वतःच्या बोटाने टिपलं.

नवरा बार्जवर. आठ दिवसांनी येतो,
उंबऱ्यातूनच विचारतो, "जेवलो?"
मी सांगते, थुंकला.
तो बॅग खाली ठेवतो.
बूट काढायचे राहून जातात.

झालं ते शुक्रवारी.
अंगणात सोलं वाळत घातली होती, मीठ लावून.
मी आत फोनवर गॅसवाल्याशी भांडत होते.
बाहेर येते तर याच्या हनुवटीवरून लाल ओघळ.
रक्त! म्हणून ओरडणार,
तर मुठीत सोल.
चोखत होता. एक डोळा मिटलेला, नाकाची घडी,
मानेपासून टाचेपर्यंत शहारा.
बाहेर काढलं. निरखून पाहिलं.
परत तोंडात.

इतके महिने मी सगळं गोड करत होते.
नाचणीत गूळ, दुधात साखर,
आवाजात तर किती साखर.

धावत जाऊन म्हणणार होते, अरे वा, राजा, आणखी एक,
जीभ चावून धरली.
पायरीवर बसले, त्याच्याकडे न बघता.
एक सोल उचललं.
माझाही डोळा मिटला.

वहीत एमएलचा रकाना आहे, आंबटाचा नाही.
तारखेपुढे नुसतं लिहिलं: सोल, अर्धं.
दुसरं अर्धं त्याने माझ्या गाऊनला पुसलं.
मंगळवारपर्यंत धुणार नाही.